पापणीचा र

सोमवार, ४

आजपासून मालक मी, कामगार मी आणि संप झालाच तर तोही मीच करणार.

छापखाना बंद झाला त्याला दोन महिने होतील. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या टेबलावर बसून पुस्तकांची पानं लावली. आता मागच्या खोलीत, जिथे इस्त्रीचं टेबल होतं तिथे माझा स्वतःचा कॉम्प्युटर आलाय, आणि इस्त्री पलंगाखाली गेलीय. नवऱ्याने कौतुकाने दारावर 'कार्यालय' अशी चिठ्ठी चिकटवली. सासूबाईंनी ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, "मग आता आत यायचं तर अर्ज करायचा का?"

पहिलंच काम मोठं मिळालंय. शाळेच्या पन्नाशीची स्मरणिका, दोनशे सोळा पानं. संपादक म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबतात, समोरच्याकडे बघतात आणि मग पुढे जातात, म्हणून या वहीपुरतं त्यांचं नाव अर्धविराम. ते म्हणाले, "काम नीट झालं तर संस्थेची वर्षभराची सगळी छपाई तुमच्याकडे. नाही झालं तर..." आणि थांबले. त्या वेळी मात्र पुढे गेले नाहीत.

ही तीच शाळा, जिच्या वसतिगृहात सासूबाईंनी एकतीस वर्षं स्वयंपाक केला. जेवताना त्यांना सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या आणि माझ्या पानात न मागता भात वाढला.

मंगळवार, ५

फाईल उघडली आणि डोळ्यांपुढे चौकोन चमकले. खरंच चौकोन. अर्ध्या पानावर रिकामी खोकी, उरलेल्या पानावर न कळणारी चिन्हं. वेलांट्या शेजारच्या अक्षराच्या घरात शिरलेल्या. एक उकार एकटाच ठिपक्यांच्या वर्तुळाखाली लोंबकळतोय, जत्रेत हरवलेल्या मुलासारखा.

शेवटी रफारला फोन केला. हा छापखान्यातला माझा जुना सोबती, फॉन्टचा डॉक्टर. उंच, वाकलेला, आणि डोक्यावर एक बट कायम उभी, म्हणून रफार. तो म्हणाला, "तीन आजार आहेत. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलाय, तो नव्यात बदलून घे. नवा फॉन्ट नीट निवड, त्यात सगळी जोडाक्षरं हवीत. आणि तुझ्या त्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरला आपली लिपी येतच नाही असं धरून चाल. ती त्याला शिकवायचं बटण आहे, पण माळ्यावर ठेवलंय."

माळ्यावर म्हणजे सेटिंगच्या आतल्या सेटिंगच्या आत. पाऊण तास शोधलं. सापडलं, टिचकी मारली आणि सगळी जोडाक्षरं एकदम जवळ आली. रुसलेले नातेवाईक पंगतीला बसावेत तशी.

बुधवार, ६

शिक्षकांच्या यादीत जे आता हयात नाहीत त्यांच्या नावापुढे अर्धविराम सरांनी एक बारीक फूल टाकलं होतं. फॉन्ट बदलला आणि फुलांचे टेलिफोन झाले. बावीस दिवंगत शिक्षक आणि प्रत्येकापुढे एक टेलिफोन.

सरांना कळवलं. ते थांबले. मग म्हणाले, "गणिताच्या सरांशी मला बोलायचं होतंच." विनोद केला की काय, कळलं नाही. चिन्हांचा वेगळा फॉन्ट शोधून सगळी फुलं हाताने परत लावली.

सासूबाईंना टेलिफोन जास्त आवडले.

शुक्रवार, ८

आज आधी शहाणपणा केला आणि मग तो निस्तरला.

मजकूर जुन्या फॉन्टमधून नव्यात येताना एक अक्षर वाटेत गळालं होतं. 'दुसऱ्या'तला तो र, पुढच्या अक्षराला आडवा चिकटतो तो. छापखान्यात आम्ही त्याला पापणीचा र म्हणायचो. तो नसला की 'दुसर्या', 'बिचार्या', 'शेजार्यांनी'. वाचणाऱ्याला दर ओळीत उचकी लागावी तसं. मोजलं तर सहाशे चौदा ठिकाणी. मी म्हटलं, त्यात काय. शोध 'र्या', घाल 'ऱ्या', सगळीकडे. एक बटण दाबलं आणि ऐटीत जेवायला गेले.

येऊन बघते तर ज्यांना पापणी नको होती त्यांनाही फुटली. 'काऱ्यालय'. 'पऱ्यावरण'. 'सूऱ्यास्ताची वेळ होती'. सरांच्या 'शिस्त आणि मर्यादा' या लेखाचं 'शिस्त आणि मऱ्यादा' झालं. गल्लीतल्या एखाद्या दादाचं नाव वाटावं.

पण कळस तिसऱ्या पानावर होता. सरांची अर्पणपत्रिका:

ज्यांच्या हाताखाली आम्ही वाढलो
त्या आमच्या आचाऱ्यांना

हवे होते आचार्य, आले आचारी. एका पापणीने सगळे गुरुजन चुलीपुढे बसवले. मी इतकी हसले की सासूबाई पाहायला आल्या. दाखवलं. त्या हसल्या नाहीत. काचेवर बोट ठेवून दोन्ही ओळी सावकाश वाचल्या. म्हणाल्या, "हाताखाली काय, हातानेच. वाढायचं काम तर आमचंच होतं." मग म्हणाल्या, "वाईट दिसत नाही गं."

त्यांच्यादेखतच मी पापणी काढली. मग पाठ ताठ करून बाकीची एकशे नऊ ठिकाणं एकेक करून सुधारली.

शनिवार, ९

सासूबाईंना वाचायला छापील पानं दिली. चष्मा लावून त्या खिडकीशी बसल्या. सत्तेचाळिसाव्या पानावर शिक्षकांचा सामूहिक फोटो आहे. उजव्या कडेला कुणाचं तरी कोपर आणि अर्धा ट्रे आलाय. मी ती कड कापणारच होते. त्या म्हणाल्या, "ते कोपर माझं."

कापलं नाही. फोटोची चौकट थोडी रुंद केली.

एकशे बाराव्या पानावर कर्मचाऱ्यांची यादी. शिक्षक, लिपिक, ग्रंथपाल, माळी, घंटा वाजवणारे शिपाई, अठ्ठावन्न नावं, आणि शेवटी 'व इतर'. सासूबाईंनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर.

"हे इतर म्हणजे कोण?"

"राहिलेले."

"म्हणजे मी."

मी म्हटलं, "आई, यादी संस्थेकडून येते. मी फक्त पानं लावते. मजकुराला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या पातेल्यांना मी तरी कुठे कुणाला हात लावू दिला?"

नंतर तो शब्द मी बराच वेळ बघत बसले. इ-त-र. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. कुठल्याही फॉन्टमध्ये टाका, तो बिघडतच नाही. सगळा मजकूर आजारी पडला आणि हा एक शब्द ठणठणीत.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, मला टाईप करायला शिकव, बहिणीला पत्र लिहायचंय. मला बरं वाटलं. निदान त्यांचं मन दुसरीकडे लागेल. तासाभरात बाराखडी आली. मग विचारलं, "तो पापणीचा र कुठून काढतेस? शेजाऱ्यांबद्दल लिहायचं तर तो लागणारच." दाखवलं: हा वेगळा र, मग त्याचा पाय मोडायचा, मग पुढचं अक्षर.

"पाय मोडायचा आणि दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं," त्या म्हणाल्या. "म्हणजे लग्नच की."

मंगळवार, १२

विचित्र प्रकार. तिसरं पान उघडलं तर पापणी परत. शुक्रवारी काढल्याचं मला पक्कं आठवतंय. आज पुन्हा काढली. बहुतेक फाईल सेव्ह करायची राहिली असेल.

कीबोर्डवर पीठही सापडलं. मीच कधीतरी कणकेच्या हातांनी बसले असणार. धंदा घरातून करायचा म्हणजे असं.

बुधवार, १३

दारावरची चिठ्ठी आज 'काऱ्यालय' अशी दिसली. कुणीतरी पेनाने पापणी रेखलीय आणि रफार खरवडून टाकलाय. नवऱ्याला झापलं. तो म्हणाला, मला तो र काढता येत नाही, शाळेत त्यासाठी मार खाल्लाय. विश्वास ठेवला नाही.

बहिणीचं पत्र कुठवर आलं म्हणून सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "एकच ओळ झालीय. पण जमलीय."

शनिवार, १६

तिसऱ्यांदा. तीच ओळ, तोच शब्द. बाकीची एकशे नऊ ठिकाणं जशीच्या तशी, एकाही ठिकाणी पापणी नाही. फक्त इथेच उगवते, उपटलेल्या गवतासारखी.

रफारला घरी बोलावलं. त्याने फाईल उलटीपालटी केली. फॉन्ट तपासला, सेटिंग तपासलं, नियमांची यादी तपासली. मग डोक्यावरची बट चाचपत म्हणाला, "फॉन्ट निरोगी आहे. पण ही फाईल रोज दुपारी दोन-चाळीसला सेव्ह होते. तू काय करतेस दोन-चाळीसला?"

"जरा कलंडते. अडीच ते तीन."

"आणि घरात आणखी कोण असतं?"

"कोणी नाही. आई असतात फक्त."

सासूबाई तेवढ्यात त्याच्यासाठी चहा घेऊन आल्या. रफारने त्यांच्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, मग मला म्हणाला, "हं. मग सॉफ्टवेअरच. आपोआप सेव्ह होत असेल. याच्यावर औषध नाही." जाताना सासूबाईंच्या पाया पडल्यासारखा उगाच वाकला. तसा तो वाकलेलाच असतो म्हणा.

आपोआप सेव्ह होणं मी बंद करून टाकलं.

सोमवार, १८

सर स्वतः शेवटची प्रत न्यायला आले. सासूबाई बाहेरच्या खोलीत भाजी निवडत होत्या.

"मावशी, ओळखलंत का?"

"न ओळखायला काय झालं. आमटीत मीठ कमी म्हणायचात रोज."

"कमीच असायचं."

"इतरांना बरं लागायचं."

सर थांबले. चांगले थांबले. मग म्हणाले, "स्मरणिका वाचलीत का?"

"वाचली ना. सगळ्यांची नावं आहेत. छान झालीय."

सरांनी चष्मा काढून पुसला, लावला, पुन्हा काढला. आमच्या बाहेरच्या खोलीत फार कोंदट होतं; मी उठून खिडकी उघडली. मग ते फारसं न बोलता प्रत घेऊन गेले.

ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं. प्रत मी दुपारी तीनला छापली होती. झोपून उठल्यावर लगेच. तिसरं पान तपासलंच नाही. धावत जाऊन फाईल उघडली.

पापणी.

हा माणूस दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेतसुद्धा लाल पेनाने खुणा करतो. स्वतःच्या अर्पणपत्रिकेत गुरुजनांचे आचारी झालेले बघून तो काय म्हणेल? वर्षभराचं काम तर गेलंच. वर सगळ्या गावात बोभाटा होणार की हिला आचार्य आणि आचारी यांतला फरक कळत नाही. बावीस वर्षांची अब्रू एका अक्षरावर.

सासूबाईंना हे सगळं रडवेल्या आवाजात सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "तुझं काम जाईल?" म्हणाल्या. "जाईल बहुतेक." रात्री त्या जेवल्या नाहीत. माझी त्यांना इतकी काळजी असेल असं वाटलं नव्हतं.

बुधवार, २०

सकाळी प्रत परत आली. सतरा स्वल्पविराम, चार अनुस्वार आणि एका पूर्णविरामाबद्दल 'हा तिरका का दिसतो?'. तिसरं पान स्वच्छ. खुणेचा ठिपकाही नाही. त्या शब्दाच्या बरोबर खाली सरांची सही: 'छापण्यास हरकत नाही.'

म्हणजे नजरेतून सुटलं. पापणी काढून टाकली. बाकीच्या दुरुस्त्या केल्या. जेवले, कलंडले, पण डोळा लागेना.

दोन-चाळीसला मागच्या खोलीतून आवाज आला. टक. बराच वेळ काही नाही. मग टक.

दार अर्धं उघडं होतं. सासूबाई खुर्चीच्या अगदी कडेला, परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, हाताला पीठ. पण त्या पापणी घालत नव्हत्या. पडद्यावर तिसरं पान होतं, त्यात माझं मघाचं 'आचार्यांना' अगदी बरोबर होतं, आणि त्या तो शब्द एकेका अक्षरावर बोट ठेवून तपासत होत्या. मग माऊस धरून, दोन वेळा चुकून, त्यांनी फाईल बंद केली. स्वतःशीच म्हणाल्या, "राहू दे. पोरीचं काम जाईल."

मी पाय न वाजवता परत येऊन पडले. छताकडे बघत राहिले. फॉन्ट, सेटिंग, आपोआप सेव्ह. आठ दिवस मी यंत्राला दोष देत होते आणि पीठ माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला हसू येत होतं आणि उशी ओली होत होती. दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते माहीत नाही.

संध्याकाळी सरांना फोन लावला.

"सर, अर्पणपत्रिका नीट पाहिलीत का?"

"पाहिली."

"एकेक अक्षर?"

"चाळीस वर्षं दुसरं काय पाहिलं?"

"तिथे त्या र ला... म्हणजे एक पापणी..."

सर थांबले.

"पत्नी गेली त्या वर्षी," ते म्हणाले, "माझा डबा कोण पाठवत होतं, मी कधी विचारलं नाही. रोज येत होता. मीठ कमी असायचं." पुन्हा थांबले. "तुम्ही पानं लावता ना? मग सही केलेल्या मजकुराला हात लावायचा नाही. इतकं तुम्हांला माहीत असेल."

"माहीत आहे सर."

"मग पापणी लवू देऊ नका. ठेवतो."

गुरुवार, २१

काढलेली पापणी परत जागेवर ठेवली आणि फाईल छपाईला दिली. सही केलेल्या प्रतीत होता तस्सा मजकूर. हात लावला नाही.

सासूबाईंना सांगितलं नाही. त्यांनी माझी आठ दिवस गंमत केली. आता नऊ दिवस माझे.

मंगळवार, २६

छापून आलेले गठ्ठे घरी उतरले. सासूबाई प्रत मागत होत्या. समारंभाआधी कुणालाच द्यायची नाही असा नियम मी तिथल्या तिथे तयार केला. "फार नियम आहेत बाई तुमच्या धंद्यात," त्या म्हणाल्या.

दुपारी सर आले. हातात एक चिठ्ठी. "शुद्धिपत्र. छापून प्रत्येक प्रतीत घाला."

मला वाटलं, बदललं मन. चिठ्ठीवर तीन ओळी होत्या. पहिल्या दोन स्वल्पविरामांच्या. तिसरी अशी: पान ११२, शेवटची ओळ, 'व इतर' याऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे. आणि पुढे सासूबाईंचं पूर्ण नाव, वसतिगृहाचं स्वयंपाकघर, एकतीस वर्षे.

पूर्ण नाव. ते मी लग्नानंतर फक्त रेशनकार्डावर वाचलं होतं. सरांना कसं ठाऊक, विचारलं. म्हणाले, "हजेरीपट मीच लिहायचो."

नाव मी स्वतः टाईप केलं. पहिल्या फटक्यात आलं. एकही अक्षर रुसलं नाही.

शनिवार, ३०

आत्ताच आलो. पाय दुखताहेत, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

सभागृह गच्च भरलं होतं. सासूबाई माझ्याशेजारी, पाचव्या रांगेत. सरांनी स्मरणिका उघडली आणि अर्पणपत्रिका वाचली, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून. "ज्यांच्या हाताखाली आम्ही वाढलो, त्या आमच्या आचाऱ्यांना."

सासूबाईंनी माझ्या मनगटाला चिमटा काढला. अजून वळ आहे. "अगं, तू काढलं होतंस ना?"

"सॉफ्टवेअर आहे आई," मी म्हटलं. "त्याच्यावर औषध नाही."

व्यासपीठावर संस्थेचे अध्यक्ष प्रत चाळत सरांच्या कानाशी वाकले. पण समोर माईक चालू होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "अहो, ही छपाईची चूक आहे. आचार्य हवं."

सर म्हणाले, "शुद्धिपत्रात आहे का?"

अध्यक्षांनी चिठ्ठी पाहिली. "नाही."

"मग चूक नाही."

मागून कुणीतरी हसलं. मग एक टक्कल पडलेला मोठा माणूस उठून म्हणाला, "मावशी आल्यात का?" आणि वसतिगृहातली जुनी पोरं, आता सगळी पोट सुटलेली, खुर्च्या सरकवत उभी राहिली. सासूबाई उठल्या नाहीत. मी ढोसलं तेव्हा म्हणाल्या, "बसून राहू दे. एवढ्या जणांना बघितलं की वाढायची सवय आहे, हात रिकामे कुठे ठेवू?"

वर्षभराचं काम मिळेल का, माहीत नाही. अध्यक्षांनी निघताना माझ्याकडे पाहिलं, पण काही बोलले नाहीत. बघू. रफार मात्र म्हणतो, अशी अचूक चूक करणारी कारागीर त्याने बावीस वर्षांत पाहिली नव्हती. ते माझ्याबद्दल नाही म्हणाला तो.

घरी आल्यावर सासूबाईंनी चष्मा लावून शुद्धिपत्र वाचलं. वरून खाली, मग खालून वर. मग माझ्याकडे दिलं.

"माझ्या नावापुढे ते फूलबिल काही लावलं नाहीस ना?"

"नाही आई. ते गेलेल्यांना."

"तेच म्हटलं."

दिवा मालवायला गेल्या, दाराशी थांबल्या. अगदी सरांसारख्या, वाक्याच्या मध्येच.

"आणि लागेल तेव्हा फूल नको हं," म्हणाल्या. "टेलिफोनच ठेव."